साध्या वेशातला

पीपीके पहिल्यांदा हातात आला की बहुतेक माणसं मनगट वळवून त्याची कूस उजेडाकडे धरतात. नेम वगैरे धरायचं नंतर सुचतं. वॉल्थर कंपनीच्या या पिस्तुलाला कोपरा असा नाहीच. स्लाइड नळीच्या टोकाकडे निमुळती होत गेलेली, चापाभोवतीची कडी अंगालगत बसलेली, मागचा घोडासुद्धा गोल आणि मधोमध भोक पाडलेला. लांबी सहा इंचांच्या किंचित वर, उंची चार इंचांना जेमतेम कमी, जाडी इंचभर. अंग पोलादी, तरी रिकामं असताना वजन अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून थोडंच जास्त. कपड्याखालून ओढून काढताना अस्तरात अडकेल, शिवण उसवेल असं त्याच्या अंगावर काही नाही. मी पाहिलेल्या पिस्तुलांत इतकं नीटनेटकं दुसरं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्याविषयी बरंच वाईट बोलायचं आहे.

अंगावर बाळगायचं पिस्तूल जोखायचं तर दोन गोष्टी बघाव्या लागतात. दिवसभर जवळ असताना ते कसं वागतं, आणि वेळ आली की कसं वागतं. पहिली गोष्ट रोजची, दुसरी बहुतेकांच्या आयुष्यात कधीच न येणारी. (पिस्तूल बाळगावंच का, हा वाद मोठा आहे आणि तो मी इथे काढत नाही.) पीपीके बाळगणाऱ्याशी अत्यंत सभ्य आहे. झाडणाऱ्याशी तिरसट. एकाच अंगात हे दोन स्वभाव कसे नांदतात, त्यातच त्याची सगळी कथा आहे.

सभ्यपणा त्याला नोकरीतून आला. जर्मनीतल्या थुरिंगियामध्ये झेला-मेहलिस नावाचं बंदूककारांचं गाव आहे. कार्ल वॉल्थरने 1886 मध्ये त्या भागात दुकान थाटलं आणि त्याचा मुलगा फ्रिट्झ याच्या कारकिर्दीत, 1929 मध्ये, पीपी हे पोलिसांसाठीचं पिस्तूल बाजारात आलं. गणवेशातल्या शिपायाच्या कमरेला ते शोभत होतं. साध्या वेशात फिरणाऱ्या गुन्हे शाखेच्या माणसाला मात्र ते थोडं लांब, थोडं उंच पडायचं. कोट फुगला की माणूस ओळखू आला. म्हणून पाठोपाठ नळी आणि मूठ आखूड करून धाकटा भाऊ काढला. नावातला शेवटचा ‘के’ त्या क्रिमिनल शाखेचा. म्हणजे न दिसणं हेच या गृहस्थाचं मूळ काम.

त्या काळात खिशात मावणारं पिस्तूल बाळगणं धास्तीचं होतं. एक तर नळीत गोळी भरून, घोडा चढवून ठेवायचा आणि एका चिमुकल्या खटक्यावर भरवसा टाकायचा. नाहीतर नळी रिकामी ठेवून आयत्या वेळी दोन्ही हातांनी स्लाइड ओढायची. रिव्हॉल्व्हरवाल्यांना ही विवंचना नव्हती. त्यांचा चाप लांबवर ओढला की घोडा आपणच मागे जाऊन पडतो. पीपी आणि पीपीकेने ही सोय स्वयंचलित पिस्तुलात आणली आणि बाजारात चालवून दाखवली. नळीत गोळी, घोडा खाली, पहिला चाप लांब आणि जड. ती गोळी सुटली की स्लाइडच घोडा चढवून ठेवते, पुढचे चाप आखूड आणि हलके. वॉल्थरच्याच पी-38 पासून अमेरिकी सैन्याच्या एम-9 पर्यंत कित्येक पिस्तुलांनी पुढे हीच रीत उचलली.

त्याचे बारकावे जवळून बघण्यासारखे आहेत. स्लाइडच्या डाव्या अंगाला मागे एक खटका आहे. तो खाली दाबला की चढलेला घोडा टक्क करून पडतो, पण फायरिंग पिनवर नाही. मधे पोलादाचा आडोसा येतो. घोड्याच्या वरच्या बाजूला एक बारीक टाचणी आहे. नळीत गोळी असली की तिचं टोक बाहेर डोकावतं, आणि ते अंधारात, कोट न काढता, अंगठ्याने चाचपून कळतं. साफसफाईला उघडायची रीत तर मला फारच आवडते. मॅगझिन काढायचं, नळी रिकामी आहे ना ते डोळ्यांनी बघायचं, मग चापाची कडी खाली ओढून जराशी बाजूला टेकवायची. स्लाइड पूर्ण मागे घेऊन मागची बाजू वर उचलली की ती पुढे निघून येते. अवजार लागत नाही. नळी सांगाड्यात पक्की बसवलेली, स्प्रिंग तिच्याच भोवती. सगळा संसार एका नजरेत दिसतो.

धातूच्या पिस्तुलाचे भक्त ज्या मुठीवरून हात फिरवून ‘वा’ म्हणतात, ती मूठ मात्र धातूची नाही. मूळ पीपीकेच्या सांगाड्याला मुठीमागे पोलादी पाठच ठेवलेली नाही. एक अखंड प्लास्टिकची खोळ दोन्ही कुशी आणि पाठ मिळून झाकते. जागा वाचावी, मूठ बारीक राहावी म्हणून केलेली ही काटकसर. मॅगझिनच्या बुडाला करंगळीपुरतं एक प्लास्टिकचं नाक काढलं आहे, तेही त्याच हिशेबातलं. तेवढं नसतं तर करंगळी अधांतरी राहिली असती.

इथवर सगळं गोड. आता चाप ओढू.

डॅलसला आमचा एक नाशिककर मित्र असतो. टेक्सासमध्ये सप्टेंबर 2021 पासून पात्र प्रौढ माणसाला हँडगन बाळगायला परवाना लागत नाही. ते झाल्यापासून त्याच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर कुठलं पिस्तूल बरं याची चर्चा मोबाइलच्या चर्चेइतकी सहज चालते. घ्यायचं की नाही हे त्याचं अजून ठरलेलं नाही, पण बघायला तो मला रेंजवर घेऊन गेला. भाड्याने मिळणाऱ्या पिस्तुलांच्या काचेखाली पीपीके होता. मित्राने दुसरीकडे पाहिलंच नाही. ‘धरायला काय सुरेख आहे रे!’ असं दोनदा म्हणाला. दुसरं मॅगझिन संपलं तेव्हा उजव्या हाताचा बेचका तोंडाशी धरून म्हणाला, ‘अरे, चावलं की हे!’

चावतं खरंच. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या कातडीवरून मागे येणारी स्लाइड दोन समांतर ओरखडे काढते. हात मांसल असेल किंवा मूठ उंच धरायची सवय असेल, तर हमखास. पुढे अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने हे पिस्तूल बनवायला घेतलं तेव्हा मागची शेपटी मुद्दाम लांब केली, यावरून तक्रार किती जुनी असेल ते समजावं.

दणक्याचं कारण रचनेत आहे. मोठ्या काडतुसाच्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. थोडं अंतर जोडीने मागे येतात आणि मग सुटतात. त्यात दणक्याची धार जाते. पीपीकेत असं कुलूप नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताठा, एवढ्यावरच सगळं थोपवायचं. 7.65 मिलिमीटरच्या मूळ काडतुसाला हे छान झेपतं. 9 मिलिमीटर शॉर्ट, म्हणजे अमेरिकेत .380 म्हणतात ते, भरलं की तो धसमुसळा होतो. स्प्रिंग ताठ म्हणून स्लाइड ओढायलाही जोर लागतो. बोटं सांधेदुखीने आखडलेल्या माणसाने हे पिस्तूल घेऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन. ‘लहान आहे, आईला बरं पडेल’ असं म्हणून ते घेणारे लोक आहेत. त्यांनी आधी आईला दुकानात नेऊन स्लाइड ओढून बघायला सांगावं.

आणि तो प्रसिद्ध पहिला चाप. आजच्या पीपीकेचा पहिला चाप सहा किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे पिस्तुलाच्या स्वतःच्या वजनाच्या दहापट. तो ओढता ओढता नेमाची माशी निशाणावरून खाली आणि डावीकडे कधी गेली ते नवशिक्याला कळतही नाही. दुसरा चाप त्याच्या निम्माही नाही. म्हणजे एकाच पिस्तुलावर दोन वेगळे चाप शिकायचे, आणि त्यातला अवघड तो नेमका पहिल्या गोळीला. माशीही जुन्या जमान्यातली, बारीक. पंचविशीतल्या डोळ्यांना दिसते.

त्याच्या तिरसटपणाची नोंद इतिहासातही आहे. 20 मार्च 1974 च्या संध्याकाळी लंडनच्या मॉल रस्त्यावर राजकन्या ॲन यांची गाडी एका माणसाने आपली गाडी आडवी घालून अडवली. हातात रिव्हॉल्व्हर, बेत अपहरणाचा. राजकन्येचे अंगरक्षक जेम्स बीटन गाडीतून उतरले आणि उतरताच खांद्यात गोळी लागली. त्यांनी आपल्या वॉल्थरमधून एक गोळी झाडली, ती चुकली, आणि पिस्तूल अडकलं. त्यानंतरचं सगळं त्यांनी शरीराने केलं. राजकन्या आणि हल्लेखोराचं रिव्हॉल्व्हर यांच्या मधे स्वतःला घातलं, एकूण तीन गोळ्या खाल्ल्या आणि वाचले. त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. वॉल्थरला त्या नोकरीतून काढून रिव्हॉल्व्हर आणलं गेलं.

पाच वर्षांनी, 26 ऑक्टोबर 1979 ला, सोलमध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही जेवायला बसले असताना त्यांच्याच गुप्तचर खात्याचा प्रमुख किम जे-ग्यू याने पीपीके काढला. एक गोळी अध्यक्षांच्या सुरक्षाप्रमुखाला, एक अध्यक्षांना, आणि मग पिस्तूल चालेना. किमला बाहेर जाऊन हाताखालच्या माणसाचं रिव्हॉल्व्हर आणावं लागलं. एका ठिकाणी रक्षणकर्ता, दुसऱ्या ठिकाणी मारेकरी. अडताना पीपीकेने दोघांत भेद केला नाही. दोन घटनांवरून यंत्राचा निकाल लावू नये हे खरं. काडतूस, निगा, घाबरलेला हात अशी शंभर कारणं असतात. पण बाळगायच्या पिस्तुलाबाबत लोक सरासरी लक्षात ठेवत नाहीत. असे दोन दिवस ठेवतात.

मग एवढं नाव कशावर? उत्तर सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली मेख थोड्यांना. इयान फ्लेमिंगने जेम्स बाँडच्या हाती आधी .25 ची छोटी बेरेटा दिली होती. 1956 मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रप्रेमी वाचकाने पत्र लिहून कळवलं की हे बाईमाणसाचं पिस्तूल आहे, बाँडला शोभत नाही. त्याची पहिली पसंती स्मिथ अँड वेसनचं बिनघोड्याचं दिसणारं हलकं रिव्हॉल्व्हर ही होती. स्वयंचलितच हवं तर पीपीके घ्या, असं तो म्हणाला. फ्लेमिंगने पीपीके उचलला, 1958 च्या ‘डॉक्टर नो’मध्ये बाँडला तो देणाऱ्या शस्त्रतज्ज्ञाचं नाव मेजर बूथरॉइड ठेवून ऋण फेडलं, आणि वर बूथरॉइडने रिव्हॉल्व्हरसाठी सुचवलेलं होल्स्टर या पिस्तुलाला जोडून दिलं. त्यात पीपीके नीट बसत नाही. 1962 चा सिनेमा निघाला तेव्हा शॉन कॉनरीच्या हातात पीपीके म्हणून दिलेलं पिस्तूल होतं थोरला भाऊ पीपी. पुढच्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी फोटो काढायच्या दिवशी तर पिस्तूल जागेवरच नव्हतं. छायाचित्रकार डेव्हिड हर्नने स्वतःचं वॉल्थरचं हवेचं पिस्तूल, छर्र्याचं, कॉनरीच्या हाती दिलं. गालाशी लांब नळी धरलेला तो जगप्रसिद्ध बाँड निशाणेबाजीच्या सरावाचं खेळातलं पिस्तूल घेऊन उभा आहे. 2010 मध्ये त्या छर्र्याच्या पिस्तुलाला लंडनच्या लिलावात पावणेतीन लाख पौंडांच्या वर किंमत आली. ज्याचा जन्म लपून राहण्यासाठी झाला, तो जगात सर्वांत ओळखीचा झाला, आणि ज्या चित्राने झाला त्यात तो स्वतः नव्हता!

या सगळ्या चकचकाटाआड दुसरी कागदपत्रंही आहेत. 30 एप्रिल 1945 ला बर्लिनच्या तळघरात हिटलरने स्वतःवर गोळी झाडली ती 7.65 च्या पीपीकेने. युद्धकाळात हॅम्बुर्गजवळच्या नॉयनगामे छळछावणीतल्या कैद्यांकडून वॉल्थरसाठी शस्त्रं बनवून घेतली जात होती. त्या घराण्याचं कौतुक करताना हेही सोबत ठेवावं लागतं. युद्ध संपल्यावर झेला-मेहलिस रशियनांच्या ताब्यात गेलं, फ्रिट्झ आराखडे घेऊन पश्चिमेला निसटला आणि उल्म शहरात पुन्हा उभा राहिला. पिस्तुलं बनवायला जर्मनांना मनाई होती, म्हणून काही वर्षं पीपीके परवान्यावर फ्रान्समध्ये, मानुराँ कंपनीत तयार होत राहिला.

त्याला खरा धक्का दिला तो अमेरिकेच्या कायद्याने. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर 1968 मध्ये बंदूक नियंत्रण कायदा आला. त्यात आयात पिस्तुलांना मापं लावली, आणि पीपीके उंचीत सुतभर कमी भरला. वॉल्थरने थोरल्या पीपीचा सांगाडा घेतला, त्यावर धाकट्याची स्लाइड आणि नळी बसवली आणि पीपीके/एस या नावाने तेच पिस्तूल परत पाठवलं. लपवायला थोडं अवघड झालं, एक गोळी जास्त मावू लागली, आणि कायदा समाधान पावला. अट फक्त आयातीला होती. म्हणून पुढे अलाबामात परवान्यावर कारखाना निघाला आणि मूळ आखूड पीपीके अमेरिकेतच बनवून अमेरिकेतच विकला जाऊ लागला. 2002 पासून ते काम स्मिथ अँड वेसनकडे आलं. 2009 मध्ये त्यांना हजारो पिस्तुलं परत मागवावी लागली, कारण खटक्याने घोडा उतरवताना चाप न ओढताही गोळी सुटण्याची शक्यता आढळली. त्याच्या सभ्यपणाचा पायाच तो खटका! पुढे वॉल्थरने स्वतः आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथला ते बनवायला घेतलं.

आज दुकानात त्याच्या शेजारी सिग सॉअरचा पी365 ठेवलेला असतो. 2018 चा. प्लास्टिकची मूठ, वजन पीपीकेहून थोडं कमी, जाडी तेवढीच, लांबीला किंचित आखूड, उंचीला अर्धा इंच जास्त. पीपीकेच्या मॅगझिनमध्ये .380 च्या सहा गोळ्या, त्याच्यात पूर्ण 9 मिलिमीटरच्या दहा, आणि त्यातल्या प्रत्येकीत ढोबळमानाने दीडपट-पावणेदोनपट जोर. चाप पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. किंमत सहसा कमीच. कागदावर हा सामना नाहीच.

धातूचे कैवारी म्हणतात, वजन दणका पचवतं. एरवी ते खरं आहे. म्हणून तर सिगने त्याच पी365 ला ॲल्युमिनियमची मूठ लावून महागडी आवृत्ती काढली आणि लोक जास्त पैसे मोजून ती घेतात. पण पीपीकेच्या बाबतीत हा युक्तिवाद तोकडा पडतो. ग्लॉकचा 42 हा त्याच .380 काडतुसाचा, प्लास्टिकचा, वजनाने चारशे ग्रॅमच्या आतला. तरी त्याच्या नळीला कुलूप असल्याने तो हाताला मऊ लागतो. दणका धातू पचवत नाही, रचना पचवते. मला तर वाटतं, पीपीकेतलं पोलाद दणक्यासाठी नाहीच. ते पातळपणासाठी आहे. तेवढ्याच मजबुतीला पोलादाची भिंत बारीक चालते, आणि बारीक भिंतीतूनच ती मूठ, ती निमुळती कूस निघते. घामाशी मात्र त्याचं जमत नाही. काळ्या-निळ्या झिलईचा जुना पीपीके उन्हाळ्यात कमरेला लावला तर तांबारायला वेळ लागत नाही. घ्यायचाच तर स्टेनलेस घ्यावा.

मित्राला मी एवढंच म्हटलं की रोज जवळ ठेवायला घेणार असशील तर पी365 घे आणि सरावाला पैसे शिल्लक ठेव. पीपीके हौसेला घे, आणि घेतलास तर 7.65 चा शोध. त्याने मान डोलावली आणि पुन्हा काचेजवळ गेला.

भारतात हा सगळा हिशेब उलटा होतो. पूर्ण 9 मिलिमीटर, म्हणजे 9 मिलिमीटर पॅराबेलम, इथे सामान्य नागरिकाला मिळत नाही. .32, म्हणजे तेच 7.65, परवान्यावर मिळू शकतं. परदेशी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकात बंद झाली. त्यामुळे त्याआधी आलेले वॉल्थर परवानाधारकांत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले आणि त्यांच्या किमती लाखांत गेल्या. आयुध कारखान्याचं .32 पिस्तूल नवं कोरं मिळत असताना लोक आजोबांच्या वयाच्या जर्मन पिस्तुलाला त्याच्या कैकपट मोजतात. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रं तिनावरून दोनावर आली, तेव्हा ‘कुठलं ठेवायचं, कुठलं सोडायचं’ हा पेच बऱ्याच घरांत पडला. अशा एका घरी मी विचारलं होतं, वॉल्थर चालतो कसा? मालक म्हणाले, ‘एक नंबर. कधी त्रास नाही.’ काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात आणि त्यांनी त्यातली निम्मी कधी डबीतून काढलेली नाहीत. पिस्तूल एरवी मऊ फडक्यात असतं, आणि निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा.